अंगावरचे यंत्र कोणाचे ऐकते?

मूल जन्माला आले, रडले, पुसून आईच्या उराशी दिले, की पुढील काही मिनिटांतच त्याच्या मनगटावर आणि घोट्यावर एक पट्टी बांधली जाते. तिच्यावर आईचे नाव, नोंदणी क्रमांक, जन्माची तारीख व वेळ लिहिलेली असते. त्याच क्रमांकाची दुसरी पट्टी आईच्या मनगटावर असते. बाळाला तपासणीसाठी नेले आणि परत आणले, की परिचारिकेने दोन्ही पट्ट्या ताडून पाहावयाच्या आणि मगच बाळ आईच्या हाती द्यावयाचे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे हा परिपाठ मी पाहत आले आहे. ही पट्टी कापल्याशिवाय निघत नाही, बाळाला काही लक्षात ठेवावे लागत नाही, आणि वाचता येणाऱ्या कोणालाही ती पडताळून पाहता येते. अंगावर वागविण्याच्या साधनाने माणसाची ओळख कशी पटवावी याचा इतका सोपा नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आता त्याच मनगटावर नाडी मोजणारी घड्याळे आली आहेत. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या दंडावर दर काही मिनिटांनी साखर मोजणारा संवेदक चिकटविलेला असतो आणि कमरेला इन्शुलिनचा पंप असतो. जन्मपट्टी मुकी होती. ही साधने बोलतात, ऐकतात, आणि पंप तर ऐकलेल्या आज्ञेप्रमाणे शरीरात औषध सोडतो. त्यामुळे ‘हे मूल कोणाचे?’ या जुन्या प्रश्नाच्या जोडीला ‘या यंत्राने कोणाचे ऐकावयाचे?’ हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. संगणकशास्त्रात याला प्रमाणीकरण म्हणतात. मी येथे साधा ‘ओळख पटविणे’ हाच शब्द वापरणार आहे.

स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर लिहावे किंवा डेंग्यूवर, अशी वाचकांची अपेक्षा असते. या वेळी विषय बदलण्याचे कारण एका रात्री आलेला दूरध्वनी होय.

माझ्याकडे उपचार घेणारी एक अकरा वर्षांची मुलगी पंपावर होती. पंप चालविण्याचे यंत्र भ्रमणध्वनीसारखे, हातात मावणारे. एके दिवशी तिच्या चार वर्षांच्या भावाने ते खेळावयास घेतले. वडिलांनी वेळीच पाहिले म्हणून बरे, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी त्या यंत्राला चार अंकांचे कुलूप घातले. मी त्यांची पाठ थोपटली. पुढे दोन महिन्यांनी आई-वडील लग्नासाठी पुण्यास गेले असता मुलगी बडोद्यास आजीजवळ राहिली होती. पहाटे साखर खाली गेली, इशाऱ्याची घंटा वाजली, आजी उठल्या, पण मुलगी प्रतिसाद देईना आणि मग तिला झटके आले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आजींनी तिला जवळच्या रुग्णालयात नेले. येताना त्यांनी न विसरता ते यंत्रही बरोबर घेतले होते.

तेथील तरुण डॉक्टरांनी साखर तपासली. ती ३२ होती. परिचारिका शीर शोधत होती. पंप अजून इन्शुलिन सोडतो आहे हे डॉक्टरांच्या लक्षात आले, हे त्यांच्या दक्षतेचेच लक्षण. म्हणून ते पंप थांबविण्याच्या खटपटीला लागले. यंत्राने चार अंक मागितले. मुलीचे जन्मवर्ष टाकून झाले, वडिलांचे झाले, एक-दोन-तीन-चार झाले. चुका वाढल्यावर यंत्राने स्वतःला काही काळ पूर्ण बंद करून घेतले. आजींनी मला फोन लावून दिला. मी एवढेच म्हटले, “यंत्र बाजूला ठेवा. आधी शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलिलिटर, आणि पोटावरची चिकटपट्टी सरळ उपटून काढा.” सुई निघाली की पंपाने कितीही इन्शुलिन सोडले तरी ते बाहेरच सांडते. मुलगी शुद्धीवर आली. पण त्या कुलपापायी गेलेली मिनिटे अजून माझ्या मनातून गेलेली नाहीत, कारण ते कुलूप माझ्या संमतीनेच लागले होते.

येथे व्यवसायबंधूंसाठी एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जाते. अशा प्रसंगी आधी ग्लुकोज, मग पंप, हाच क्रम ठेवावा. शीर मिळत नसेल आणि ग्लुकागॉन उपलब्ध असेल तर ते स्नायूत द्यावे, २५ किलोपेक्षा कमी वजनास अर्धा मिलिग्रॅम, त्याहून अधिक असल्यास एक मिलिग्रॅम. आणि पंप काढला हे कागदावर ठळक लिहावे. पंपात केवळ जलद काम करणारे इन्शुलिन असते, शरीरात साठा राहत नाही. साखर सावरल्यावर काही तासांत इन्शुलिन पुन्हा सुरू झाले नाही तर हेच मूल कीटोॲसिडोसिस घेऊन परत येते.

मग कुलूप लावूच नये काय? असे म्हणण्याचा मोह त्या रात्री मला झाला. परंतु या प्रश्नाचा मागचा इतिहास वाचल्यावर तो मोह टिकला नाही.

इ. स. २००८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि हार्वर्डशी संलग्न बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालय येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. केव्हिन फू, डॅनियल हॅल्पेरिन, हृदयरोगतज्ज्ञ विल्यम मेझेल ही त्यांतील काही नावे. छातीत बसविण्याचा डिफिब्रिलेटर त्यांनी प्रयोगशाळेत घेतला आणि जवळून सोडलेल्या रेडिओलहरींनी त्यातील रुग्णाची माहिती वाचून दाखविली, उपचाराची मांडणी बदलून दाखविली, एवढेच नव्हे तर झटका देण्याची आज्ञाही त्याच्याकडून पाळवून घेतली. यंत्र आज्ञा कोण देतो हे विचारीतच नव्हते. इ. स. २०११ च्या ऑगस्टमध्ये जे रॅडक्लिफ या सुरक्षातज्ज्ञाने लास व्हेगास येथील परिषदेत इन्शुलिन पंपाविषयी हेच सिद्ध केले. हे गृहस्थ स्वतः टाइप १ मधुमेही, आणि प्रयोग त्यांनी स्वतःच्याच पंपावर केला होता. पंपाचा अनुक्रमांक ठाऊक असला की त्याला दुरून आज्ञा देता येत होती. म्हणजे पाठीवर छापलेला आकडा हीच त्याची किल्ली! त्याच वर्षी बार्नबी जॅक याने अनुक्रमांक आधी माहीत नसतानाही, अधिक अंतरावरून, ते करून दाखविले.

अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांची हकीकत अनेकांनी वाचली असेल. इ. स. २००७ मध्ये त्यांचा डिफिब्रिलेटर बदलताना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यातील बिनतारी संपर्क बंद करविला होता. ही गोष्ट त्यांनी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितली. उपाध्यक्षांना शत्रू असतात, आपल्या पेशंटांना कोण असणार, असे आपण सहज म्हणून जातो. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये वनटच पिंग या पंपाच्या सुमारे १,१४,००० रुग्णांना कंपनीनेच पत्रे पाठविली, कारण पंप आणि त्याचा रिमोट यांच्यातील संभाषण उघडे होते, गुप्तलिपीत नव्हते. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिक कंपनीच्या मिनिमेड ५०८ आणि पॅराडाइम मालिकेतील जुन्या पंपांविषयी इशारा दिला आणि कंपनीने ते परत बोलाविले. या त्रुटीमुळे कोणा रुग्णास इजा झाल्याची निश्चित नोंद त्या वेळी प्रशासनाकडे नव्हती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

या प्रकरणाची दुसरी बाजू मला अधिक विचार करावयास लावते. सिएटलच्या डेना लुइस यांना स्वतःला टाइप १ मधुमेह. रात्री साखर उतरल्याची घंटा त्यांना झोपेत ऐकू येत नसे. ती मोठी करण्याच्या धडपडीतून त्या आणि त्यांचे सहकारी इतके पुढे गेले की २०१५ मध्ये त्यांनी साखरेच्या आकड्यांनुसार पंप आपोआप कमी-अधिक करणारी घरगुती प्रणाली सर्वांसाठी खुली केली. बाजारात तेव्हा तसे काही विकत मिळत नव्हते. आणि हे कोणत्या पंपावर शक्य झाले? जे कोणाचीही आज्ञा ऐकत होते त्या जुन्या पंपांवर! चोराला उघडे असलेले दार आईबापांनाही उघडे होते. पुढे हेच सदोष ठरलेले पंप लोक शोधून शोधून घेऊ लागले. त्या पालकांना बेपर्वा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. रात्री तीन वाजता उठून मुलाचे बोट टोचणाऱ्या आईला आम्ही डॉक्टरांनी त्या काळी दुसरे काय दिले होते? तरीही माझ्या हाताने मी कोणत्याही मुलाला, वाटेल त्याचे ऐकणारा पंप देणार नाही. अमेरिकेत २०२३ पासून संपर्कक्षम उपकरणांना परवानगी मागताना सुरक्षेची योजना सादर करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे, ते योग्यच झाले.

तेव्हा कुलूप हवे. ते उघडावयाचे कसे, हा खरा पेच आहे. अंगावरच्या यंत्रावर टंकफलक मावत नाही. चार अंकांत दहा हजार शक्यता असतात, आणि माणसे जन्मवर्ष टाकतात. लांब परवलीचा शब्द दिवसातून वीस वेळा टाकावा लागला तर कोणीही कुलूपच काढून टाकील. गैरसोयीचे कुलूप फार दिवस लागत नाही, हे आपल्या औषधांच्या कपाटावरूनही आपण जाणतो.

मनगटी घड्याळांनी यावर काढलेला तोडगा हुशारीचा आहे. घड्याळ हाताला बांधल्यावर एकदाच अंक टाकावयाचे. त्यानंतर ते त्वचेला लागून आहे तोवर उघडे राहते आणि मनगटावरून निघताच आपोआप बंद होते. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेतून परततो आणि प्रत्येक ठोक्यागणिक रक्त वाढले की कमी परततो, कारण रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. आपल्या ऑक्सिमीटरचा हा सख्खा भाऊच, तेथे लाल आणि अवरक्त प्रकाश असतो एवढेच. ओळख एकदा पटविली की तिचा धागा शरीराच्या स्पर्शाने टिकवून धरावयाचा, हे त्यातील तत्त्व. प्रसूतिगृहातील पट्टीशी त्याचे नाते वाचकांच्या लक्षात आले असेलच. तिथेही विश्वास ‘काढली गेली नाही’ यावरच उभा असतो.

अर्थात शरीरे सारखी नसतात. इ. स. २०१५ मध्ये ॲपलचे घड्याळ बाजारात आले आणि मनगटावर गडद गोंदण असलेल्यांची तक्रार सुरू झाली, की घड्याळ हातात असूनही वारंवार बंद होते. शाईने प्रकाश अडतो हे कंपनीनेही मान्य केले. माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून वर हिरवे गोंदण होते. तिला हे घड्याळ कितपत ओळखले असते कोण जाणे!

हृदयाचा आलेख हीच सही मानावी, हा दुसरा विचार. इ. स. २००१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी वीस व्यक्तींच्या आलेखांवरून माणूस ओळखता येतो असे दाखविले. पुढे टोरांटो येथील संशोधनातून निमी नावाची मनगटपट्टी निघाली. ती २०१३ मध्ये जाहीर झाली तेव्हा हृदयाचा आलेख हीच तिची ओळख होती. प्रौढांच्या बाबतीत हे ठीक आहे. परंतु मुलांचे काय, हे बालरोगतज्ज्ञाने विचारावयास हवे. नवजात बालकाचा विद्युत अक्ष उजवीकडे झुकलेला असतो, तो वाढीबरोबर डावीकडे सरकतो. मिनिटाला १४० असलेले ठोके किशोरवयापर्यंत ऐंशीच्या खाली येतात. श्वासागणिक ठोक्यांची लय बदलणे, जे प्रौढात पाहून एखादा नवखा डॉक्टर दचकेल, ते मुलांत निरोगीपणाचे लक्षण आहे. आज नोंदविलेली सही दोन वर्षांनी त्याच मुलाला परके ठरवू शकेल. शिवाय चोरीस गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो, हृदय बदलता येत नाही.

बोटांच्या ठशांची गोष्ट थोडी वेगळी. रेषा गर्भातच तयार होतात आणि आयुष्यभर त्याच राहतात. अडचण आकाराची आहे. इवल्या बोटाच्या बारीक रेषा नेहमीच्या यंत्राला सुट्या दिसत नाहीत. मूळचे कानपूर आयआयटीचे विद्यार्थी आणि पुढे अमेरिकेत मिशिगन येथे प्राध्यापक असलेले अनिल जैन यांनी आग्र्याजवळील दयालबाग येथील रुग्णालयात बालकांचे ठसे घेऊन, अधिक सूक्ष्म यंत्र वापरल्यास सहा महिन्यांपुढील मुले ओळखता येतात असे दाखविले आहे. व्यवहारात मात्र आपल्या आधार योजनेनेही पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेण्याचे टाळले आहे आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी ते नव्याने देणे आवश्यक केले आहे. मुलाचे शरीर ही वाढती नोंदवही आहे हे आधारच्या नियमांनी जितके ओळखले तितके यंत्रे करणाऱ्यांनी ओळखलेले मला दिसत नाही.

मला सर्वांत पटलेली कल्पना अमेरिकेतील राइस विद्यापीठातील रोस्तामी व कुशनफर आणि त्यांचे सहकारी जुएल्स यांची आहे. त्यांनी ती २०१३ मध्ये मांडली. तातडीच्या प्रसंगी शरीरातील यंत्राशी बोलावयाचे असेल तर डॉक्टरने आपले यंत्र रुग्णाच्या त्वचेस लावावयाचे. दोन्ही यंत्रे त्याच क्षणी त्याच हृदयाचे ठोके मोजतात. ठोक्यांमधील अंतरातील बारीक फरक दोघांचे जुळले तरच दार उघडते. येथे कोणाचेही हृदय सही म्हणून साठवलेले नाही, त्यामुळे मुलाच्या वाढीचा प्रश्न येत नाही. अंक आठवण्याचा प्रश्न नाही, पुण्याला गेलेल्या वडिलांना फोन लावण्याचा नाही. जो रुग्णाला हात लावू शकतो त्याला प्रवेश, एवढाच नियम. नाडी पाहिल्याशिवाय औषध न देणाऱ्या आपल्या जुन्या वैद्यांना तो समजावून सांगावा लागला नसता. कॅमेऱ्याने चेहऱ्यावरील रंगाच्या सूक्ष्म बदलांवरून दुरूनही ठोके मोजता येतात, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे, आणि त्यावर उपाय निघेपर्यंत सावध राहावे लागेल. पण दिशा मला योग्य वाटते.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे त्यावरच भागवावयाचे आहे. त्या रात्रीनंतर मी पंप सुरू करताना डोसचे गणित शिकविण्याआधी घरात कोण कोण राहते हे विचारते. कारखान्यातून आलेले अंक बदलावयाचे, जन्मवर्ष ठेवावयाचे नाही, आणि नवे अंक मुलाखेरीज किमान दोन प्रौढांना ठाऊक हवेत, त्यांपैकी एक रात्री घरात असणारा. पंपाच्या पाठीचे छायाचित्र, त्यावरील क्रमांकासह, नातेवाइकांच्या समूहात पाठवावयाचे नाही. जुना भ्रमणध्वनी विकण्यापूर्वी त्याची पंपाशी आणि संवेदकाशी असलेली जोडणी तोडावयाची. मुलाची साखर दुरून कोण कोण पाहते ती यादी दर भेटीत उघडून पाहावयाची. एका घरात सोडून गेलेली जुनी शिकवणीची बाई अजून त्या यादीत होती! आपल्या देशात २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. संमती देणाऱ्या पालकाला यादी ठाऊक असावी, एवढी अपेक्षा फार नव्हे.

आणि आजींना मी पंप काढावयास शिकविते. आपल्या बडोद्यातील घरांत आजी मराठी वाचते, मूल सांभाळणारी बाई गुजराती बोलते आणि पंपाचा पडदा मात्र इंग्रजी असतो. म्हणून दोन्ही भाषांत एक कागद करून दिला आहे. साखर उतरली आणि मूल गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, चिकटपट्टी उपटा, रुग्णालय गाठा. यंत्राशी खेळू नका. हा कागद शीतकपाटाच्या दारावर लावावयाचा. शहरातील ज्या रुग्णालयांत माझी मुले जाण्याचा संभव आहे तेथील निवासी डॉक्टरांना पंप प्रत्यक्ष हाती देऊन दाखवावा, असे मी काही व्यवसायबंधूंना सुचविले आहे. अर्ध्या तासाचे काम आहे.

ती मुलगी आता तेरा वर्षांची आहे. मागच्या भेटीत तिने सांगितले की, अंक तिने स्वतःच बदलले आहेत. “बाबांना सांगितलेस का?” असे मी विचारले. ती हसली आणि आजींकडे पाहू लागली. आजी म्हणाल्या, “डॉक्टरबाई, मला सांगितलेत तिने. तिच्या बाबांना मी सांगणार आहे, पण तिला विचारून.”